पायमोज्यात पँट

साडेपाचला गेटपाशी बारा पोट्टे आले,
त्यातले सात हाफ पँटीत.
"मॅडम, उकडून रायलं ना बाप्पा!"
ऑक्टोबर आहे, नागपूर आहे, उकडणारच.
मी पिशवी उलटी केली.
फिक्या रंगाच्या फुल पँटी, कुणाच्या कुणालाही,
खाली दोन घड्या, कमरेला सुतळी.
मग पायमोजे. मग पँटचं टोक पायमोज्यात.
"जोकर दिसून रायलो," त्रिशरण म्हणाला.
दिस.

मलम मनगटाला, मानेला, कानामागे.
डोळ्यांजवळ नाही, उत्पला, आणि तो हात तोंडात नाही.
सुकराम उईके, वनमजूर, विडी विझवून बघत होते.
"एवढा मेकअप तं माह्या लग्नात नवरीनं नव्हता केला."
पोरं हसली. मीही.
त्यांच्या पिंडऱ्यांना करंजाच्या तेलाचा वास होता,
ते मात्र बोलले नाहीत.

गोरेवाड्यात अंधार तळ्याकडून चढतो.
दोन सागांमध्ये पांढरी चादर बांधली,
मागे दिवा.
आणि यायला लागले पतंग,
राखाडी, हळदी, सालीच्या तुकड्यासारखे,
एक तळहाताएवढा, फिका हिरवा, लांब शेपट्यांचा.
पोरांचे आवाज आपोआप खाली आले.
आमचं हे असं,
एकाला दिवा लावून आवतण,
दुसऱ्याला मलम लावून मनाई.
गवताला काय ठाऊक, पाहुणा कोण नि चोर कोण.

"गवतात बसू नका."
"मॅडम, किती वेळा सांगता?"
"सतरंजीवर."
"पण मॅडम..."
"सतरंजीवर म्हटलं ना!"
जरा जास्तच चढला माझा आवाज.
हिरवा पतंग उडाला.

देवा गवतातच बसायचा.
दर रविवारी, याच तळ्याकाठी गळ टाकून,
पायजमा गुडघ्यापर्यंत,
डब्यात गांडुळं, मासा क्वचित.
भाद्रपदात ताप आला.
मलेरिया नाही म्हणाले. डेंगू नाही म्हणाले.
टायफॉइडचं औषध चालू केलं.
नवव्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टरणीनं
त्याचा हात वर करून काख बघितली.
विडीच्या चटक्याएवढी काळी खपली,
न दुखणारी, न खाजणारी.
डोळ्यांना दिसत नाही इतका बारका किडा, म्हणाली,
लवकर कळतं तर गोळ्या साध्याच होत्या.
मी आठ दिवस त्याला पाणी पाजलं,
पट्ट्या ठेवल्या, पाय चेपले.
मोठ्या भावाची काख कोण बघतं?

पुढच्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला
पिवळी मारबत गल्लीवरून गेली.
मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, त्याच्याच पँटी.
खालून लोक ओरडत होते,
खासी घेऊन जाय गे मारबत,
ढेकूण घेऊन जाय, मच्छर घेऊन जाय.
त्या किड्याचं नाव कुणी घेतलं नाही.
मला तरी वर्षापूर्वी कुठं येत होतं?

नऊला गेटपाशी परत.
घरी गेल्या गेल्या साबणानं अंघोळ,
कपडे गरम पाण्यात,
आणि आईला दाखवा, कानामागे, काख, कमरेचा पट्टा, गुडघ्यामागे.
"आई नाइटला असते," उत्पला म्हणाली.
मग आरसा. मग मावशी. मग कोणीही,
पण दाखव.

पोरं गेली. उईके दगडावर बसून घोटा खाजवत होते.
टॉर्च मारला. गोचीड, टम्म फुगलेली.
"विडीचा चटका देऊ का?"
"नको. थांबा."
चिमटा कातडीपाशी, सरळ वर, न पिळता.
त्यांनी बघितलं, थुंकले, गप्प झाले.
मग म्हणाले, "पाठ बी पायता का मॅडम?
घरी कोणी नाही."
सदरा वर केला. मणक्यांवरून उजेड फिरवला.
जुने व्रण, एक तीळ, घाम. काही नव्हतं.

"हात वर करा," मी म्हटलं.
"आता काहून?"
"करा."